ठाण्याच्या तरुणाला ठाण्यात काम
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



या मंगलप्रसंगी मी जुन्या आठवणी सांगाव्यात, अशी आज्ञा झाली होती. त्याऐवजी बेकारीविषयी बोलण्याची अनुज्ञा मी मागून घेतली. अर्थशास्त्र मी बी.कॉम.पुरतेच शिकलो, तथापि गावाला काम आहे की नाही, हे कापड दुकानदाराला फार लवकर कळते. घरची मिळकत आटली, की नवे कापड घेणे प्रथम लांबणीवर पडते.

१९८२ साली मी वडिलांच्या गादीवर बसलो. त्याच वर्षी १८ जानेवारीला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांचा तो संप; गिरणगाव त्यातून पुन्हा सावरले नाही. ठाण्यात मात्र आम्ही निश्चिंत होतो. १९६२ साली स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाची पहिली वसाहत, वागळे इस्टेट, आपल्याच शहरातली. दिवाळीपूर्वी बोनस झाला, की कामगार सहकुटुंब दुकानी येत. किमान ८.३३ टक्के बोनस कायद्यानेच ठरलेला होता. वर्षाच्या विक्रीचा मोठा हिस्सा त्या पंधरवड्यात होई. उधारीही निर्धास्तपणे देता येई, कारण पगाराची तारीख दुकानदारालाही पाठ असे.

नव्वदच्या दशकापासून एकेक कारखाना बंद पडला वा बाहेरगावी गेला. उत्पादनापेक्षा जमिनीचेच मोल अधिक झाले आणि त्या जागी गृहसंकुले, मॉल व कार्यालये आली. २०११ च्या जनगणनेत ठाण्याची लोकसंख्या १८ लाख ४१ हजारांवर गेली होती. काम मुळीच नाही, असे नव्हे. रखवालदारी आहे, कंत्राटी सफाई आहे, घरोघर माल पोहोचविणे आहे. (त्या मालात तयार कपडेही असतात, आणि ते आमच्या घरीही येतात!) परंतु ज्याच्या भरवशावर दुकानदार उधारी देईल, असा पगार त्यांत क्वचितच असतो.

या दोषातून मी स्वतःला वगळत नाही. संगणकावर बिले निघू लागली, तेव्हा माझ्या दुकानातील अकरा माणसांची सहा झाली. हिशेब अचूक होता. ज्यांनी मला कापडाचा पोत बोटांनी ओळखायला शिकविले, ते गृहस्थ पुढे एका संकुलाच्या फाटकावर रखवालदार म्हणून दिसले. मला पाहून ते खुर्चीवरून उठले. त्या क्षणी काय बोलावे, ते मला सुचले नाही. आजही सुचत नाही.

राज्याने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला, तो ग्रामीण भागासाठी. शहरातील बेकाराला तशी हमी मिळाली नाही. २०२४ साली युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. प्रारंभी तिची मुदत सहा महिन्यांची आणि पदवीधरास दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन. सहा महिन्यांत मुलगा दुकान जेमतेम ओळखू लागतो.

आपण शिष्यवृत्त्या देतो, फोटो छापतो. तोच मुलगा पदवी घेऊन नोकरी मागायला आला, की आपण विचारतो, "अनुभव आहे का?" तो त्याने कोठून आणावा? माझी विनंती अशी, की प्रत्येक दुकानाने एका तरुणाला वा तरुणीला दोन वर्षे लेखी पगारावर ठेवावे आणि खरेदी, साठा, हिशेब, जीएसटीचे विवरणपत्र हे सर्व शिकवावे. उमेदवार आपल्याच समाजाचा असावा, असा आग्रह नको.

सभागृहाच्या दाराशी एक वही ठेवली आहे. पहिल्या दोन ओळींत माझ्या दुकानाच्या दोन जागा मी लिहिल्या आहेत. पुढील पाने कोरी आहेत.