दडपणारा कोण?
(कार्यकर्ता शिबिरातील भाषणाचा मजकूर)



आज आपण एका परक्या शब्दावर बोलू. इंडोनेशिया हा हजारो बेटांचा देश. तिथं पण जंगलात गावं आहेत, नि जमिनीचं भांडण आहे. तिथल्या भाषेत एक क्रियापद आहे – 'मनिंदास'. जड वस्तू ठेवून दाबणे, हा एक अर्थ. जुलूम करणे, हा दुसरा. आपल्या 'दडपणे'सारखंच.

मूळ शब्द 'तिंदास'. त्याला जोड लावली की अर्थ फिरतो. 'पनिंदास' म्हणजे दडपणारा. 'दितिंदास' म्हणजे दडपला जाणारा, इथं 'कोणाकडून?' ते सांगता येतं. 'तरतिंदास' म्हणजे नुसता दडपलेला. यात दगड दिसतो, ठेवणारा दिसत नाही.

तिथला दगड कोणी ठेवला? १८७० मध्ये जावा बेटावर डच सरकारने ठरवलं, ज्या जमिनीची मालकी कोणी सिद्ध करू शकत नाही ती सरकारची. डच गेले, दगड राहिला. १९९९ च्या वन कायद्यात लिहिलं, परंपरेने चालत आलेलं गावसमाजाचं जंगल म्हणजे त्या समाजाच्या भागातलं 'सरकारी' जंगल. आदिवासींची 'आमान' ही संघटना दोन गावसमाजांना घेऊन घटना न्यायालयात गेली. १६ मे २०१३ रोजी न्यायालयाने त्या व्याख्येतला 'सरकारी' हा एक शब्द काढून टाकला. पण शब्द गेला म्हणून जमीन लगेच हातात आली नाही. पहिल्या नऊ समाजांना मान्यतेचे कागद मिळायला २०१६ चा डिसेंबर उजाडला.

आता आपल्याकडे बघा. आपण म्हणतो, 'दावा फेटाळला गेला', 'पीक मोडलं गेलं'. ही झाली 'तरतिंदास'ची भाषा. कोणी फेटाळला? कोणत्या समितीने, कोणत्या तारखेला, काय कारण देऊन? वनहक्काच्या नियमांप्रमाणे कारण लेखी कळवावं लागतं, आणि वरच्या समितीकडे दाद मागायला ६० दिवस असतात. कागदच हातात नसेल तर दाद कशाविरुद्ध मागणार?

म्हणून येत्या ग्रामसभेत फेटाळलेल्या प्रत्येक दाव्याची यादी करू. दावेदाराचं नाव, फेटाळणारी समिती, तारीख, कारण. कारण दिलं नसेल तर तसंच लिहू आणि लेखी मागू. बायकांच्या नावचे दावे सुटता कामा नयेत.

दगड कोणाचा ते आधी कागदावर येऊ द्या. मग तो हलवायला आपण सगळे आहोतच.

जिंदाबाद!