खेड्यात धाडलेली पोरं



मी मॅट्रिक शिकलेला गोदी कामगार. भाषण ठोकता येत नाही. चीनची एक गोष्ट सांगतो.

1966 साली तिथं सांस्कृतिक क्रांती पेटली. शाळा-कॉलेजं बंद. पोरांच्या दंडाला लाल पट्टे. माओनं त्यांना रस्त्यावर उतरवलं. दोन वर्षांत पोरं आवरेनात, शहरात कामही नव्हतं. मग 22 डिसेंबर 1968 च्या ‘पीपल्स डेली’त माओचा आदेश छापून आला. शिकलेल्या पोरांनी खेड्यात जावं, गरीब शेतकऱ्यांकडून नव्यानं शिकावं. 1980 पर्यंत दीड कोटीहून जास्त पोरं-पोरी गेल्या.

हातानं राबणाऱ्याकडून शिका, हे मला पटतं. पोती वाहून माझा खांदा सोलवटलाय, पण माझ्याकडून शिका असं कुणी म्हटलं नाही. म्हणूनच हे तपासून घेतलं पाहिजे.

फुजियानचा ली छिंगलिन हा शाळामास्तर. त्याचा पोरगा गेला. राबूनही पोट भरेना. डिसेंबर 1972 मध्ये मास्तरानं थेट माओला पत्र लिहिलं. वशिल्याची पोरं मागच्या दारानं परततात, आमची तिथंच सडतात. एप्रिल 1973 मध्ये उत्तर आलं, सोबत 300 युआन. एका घराचं भागलं. बाकीच्या लाखो घरांचं काय? 1978 च्या अखेरीस युन्नानच्या रबर मळ्यांतल्या पोरांनी संप केला, तेव्हा कुठं परतीची वाट मोकळी झाली.

पण खरा प्रश्न पुढंच आहे. शहरी पोराला जी शिक्षा वाटली, त्यातच जो जन्मला त्याचं काय? 1958 च्या हुकौ कायद्यानं माणसाची नोंद गावाला बांधली. परवान्याशिवाय शहरात बिऱ्हाड नाही, शहराचं रेशन नाही. ज्याला गुरू म्हटलं त्याच्याच पायात खोडा. चेले परतले, त्यांनी आठवणी लिहिल्या, पुस्तकं छापली. गुरू चिखलातच.

माझा बाप गावकुसाबाहेरचं जिणं टाकून मुंबईला पळाला. त्याला कुणी धाडलं नव्हतं. पण सरकारी परवाना लागला असता, तर आज मी इथं उभा नसतो, गावची मेलेली ढोरं ओढत असतो.

तेव्हा कुणी गरिबाला गुरू म्हणून हार घालू लागला, की एवढंच विचारा: त्या गुरूला गाव सोडायची मुभा आहे काय?

नसेल तर ती शाळा नव्हे, कोंडवाडा आहे.