आधी गेज, मग गौरव



पुण्याजवळच्या देहूरोड ते चाकण या कारखान्यांच्या पट्ट्यात पहिला पीस गेजला लागल्याशिवाय लॉट सुटत नाही. प्रकाशाने पाणी फोडणाऱ्या पातळ थरांच्या संशोधनालाही हीच शिस्त हवी, एवढेच मला आज मांडायचे आहे. 1972 साली फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश टाकून पाण्याचे विघटन होते हे जगापुढे ठेवले. हे द्रव्य पाण्यात झिजत नाही आणि महागही नाही. रंगाच्या कारखान्यात ते पोत्यांनी येते, आणि त्याचे खनिज, इल्मेनाइट, आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूतही सापडते. अडचण आहे ती जाडीची. प्रकाश पुरता शोषायला थर मायक्रॉनभर जाड लागतो. पण प्रकाशाने मोकळा झालेला धनभार त्याच्या कितीतरी कमी अंतरात इलेक्ट्रॉनला भेटून विझतो. उभ्या नॅनोसळया हा पेच सोडवतात: प्रकाशाला सळईची उंची मिळते आणि धनभाराला फक्त तिची अर्धी जाडी ओलांडून पाणी गाठावे लागते.

या सळया वाढवण्याची रीत साधी आहे. 2009 साली लिऊ आणि आयडिल यांनी ती प्रसिद्ध केली. निम्मे पाणी, निम्मे तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल, त्यात थोडे टायटॅनियम ब्युटॉक्साइड; टेफ्लॉनचे अस्तर असलेल्या पोलादी ऑटोक्लेव्हमध्ये वाहक काच तिरकी टेकवायची, वाहक बाजू खाली ठेवून, आणि 150 अंशांवर काही तास भट्टीत सोडायचे. काचेवरील टिन ऑक्साइडची स्फटिकरचना टायटॅनियम डायऑक्साइडच्या रुटाइल या स्फटिकरूपाशी जवळपास जुळते, म्हणून सळया उभ्या धरतात. त्यांचे छायाचित्र देखणे येते, आणि तिथेच थांबण्याचा मोह सुरू होतो.

आता आकडा पाहू. रुटाइल फक्त अतिनील आणि जेमतेम जांभळा प्रकाश घेते. त्यामुळे भर उन्हात चौरस सेंटिमीटरला सुमारे 1.8 मिलिअँपिअर ही त्याच्या प्रवाहाची कमाल मर्यादा. हिशेब केला तर एक चौरस मीटरला तासाला पाऊण ग्रॅमही हायड्रोजन येत नाही. एका किलोसाठी 300 चौरस मीटर आणि पाच तासांचे कडक ऊन लागेल. पुण्यात 2022 साली हायड्रोजनवर चालणारी बस दाखवली गेली. तिची मागणी किलोंत असते. मग सौर पॅनेल आणि इलेक्ट्रोलायझर असताना हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. कारखान्यासाठी आज तेच योग्य, हे मान्यच करायला हवे. पण सळयांवर शिकलेले भारवहनाचे गणित हेमॅटाइटसारख्या दृश्य प्रकाश शोषणाऱ्या द्रव्यांना लागू पडते. दुसरा आक्षेप असा, की कॅडमियम सल्फाइडचा लेप दिला की प्रवाह वाढतो. वाढतो खरा, पण द्रावणात सल्फाइड घातले असेल, तर ऑक्सिडेशन पाण्याचे न होता त्या सल्फाइडचे होते. म्हणून प्रवाहाचा आलेख पुरेसा नाही. बाहेरून दिलेला विद्युतदाब वजा करावा, दिव्याचा वर्णपट सांगावा, आणि ऑक्सिजन व हायड्रोजन दोन्ही प्रत्यक्ष मोजावेत. पाणी खरोखर फुटत असेल तर ते 1:2 या प्रमाणात मिळाले पाहिजेत. मोजणीची यंत्रे महाग, ही महाविद्यालयांची तक्रार रास्त आहे. त्यासाठी पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि सी-मेट यांसारख्या संस्थांशी सामायिक मोजणीची व्यवस्था उभारावी. पुढच्या अधिवेशनात सळयांचे छायाचित्र जरूर दाखवा. मात्र त्याच्या शेजारी दोन्ही वायूंचा आकडा असू द्या.