खाखऱ्याचंही नाव दाव्यात लिहा

(सामूहिक वनहक्काच्या दाव्यांची तयारी करण्यासाठी भरलेल्या शिबिरातलं भाषण. ज्यांना वाचता येत नाही त्यांना पाड्यावर वाचून दाखवावं.)



सकाळपासून आपण कलम, ठराव, समिती, नकाशा यावर बोललो. आता एका झाडावर बोलू. पुस्तकात त्याला पळस म्हणतात, आपण खाखरा म्हणतो. तुम्ही म्हणाल, खाखऱ्याबद्दल काय सांगायचं? तो तर दारात आहे, बांधावर आहे, माळावर आहे. पण जे दारात असतं तेच लिहायचं राहून जातं. म्हणून बोलायचं.

सामूहिक दाव्याच्या फॉर्ममध्ये विचारलं आहे की गाव जंगलातून काय काय आणतं. तिथे तेंदू, मोह, चारोळी आणि डिंक लिहून थांबायचं मनात येतं, कारण त्याला बाजारात भाव आहे, व्यापारी येतो, वजन होतं. खाखऱ्याचं पान कोणी मोजत नाही. पण कायदा भाव विचारत नाही. तुम्ही ते परंपरेने गोळा करता का, वापरता का, एवढंच विचारतो. मग खाखरा आपण किती वापरतो ते बघू.

हे झाड शेंगेच्या कुळातलं आहे. तूर, उडीद, वाल ज्या कुळातले, त्याच कुळातलं. तुरीचं पान बघा, तीन पात्यांचं. खाखऱ्याचंही तसंच. म्हणून तर म्हणतात, कुठेही गेलं तरी पळसाला पानं तीनच. शेंग मात्र तुरीसारखी नाही. ती चपटी आणि कागदासारखी हलकी, आत एकच बी आणि तेही टोकाला. वैशाखाच्या वाऱ्यावर ती उडत जाते आणि पडेल तिथे रुजते. खडकाळ, चोपण, पाणी साचणारी, कसलीही जमीन त्याला चालते. तोडला तर बुंध्यातून फुटतो, मुळीतून फुटतो.

आता वर्षाचा हिशेब लावू.

माघात पानं गळतात आणि फागणात सगळं झाड लाल-केशरी होतं. खाखरा फुलला की होळी जवळ आली, भोंगऱ्याचा बाजार जवळ आला, हे आपल्याला सांगावं लागत नाही. ही फुलं उकळून रंग काढतात. नुसत्या पाण्यात पिवळा-केशरी येतो, तुरटी घातली तर कापडावर चांगला बसतो. उन्हाळ्यात याच फुलांच्या पाण्याने लेकरांना आंघोळ घालतात.

चैत-वैशाखात बी मिळतं, त्याला पळसपापडी म्हणतात. पोटातल्या जंतांवर ते जुनं औषध आहे. पण इथे जपून बोलतो. बी जास्त पोटात गेलं तर ओकाऱ्या होतात, त्रास होतो. जाणत्याला विचारल्याशिवाय लेकराला देऊ नका, आणि पोटुशी बाईने तर घेऊच नये. औषध आहे म्हणजे खाऊ नाही, हेसुद्धा आपल्या जाणत्यांच्या ज्ञानातलंच आहे.

सालीला घाव बसला की लाल चीक निघतो, वाळला की माणकासारखा चमकतो. हाच पळसाचा डिंक, बाजारात कमरकस. बाळंतिणीला लाडवात घालतात, जुलाब लागले तर थोडा देतात. शहरातल्या दुकानात तो पुडीतून विकतात, आणि आपल्याकडे तो झाडावर वाळून पडतो.

नवी पानं मोठी झाली की पत्रावळी आणि द्रोण. बांबूच्या बारीक काडीने टाचले की लग्नाचं सगळं जेवण त्यावर होतं, भांडी घासायला पाणी लागत नाही, आणि उष्टी पत्रावळ उकिरड्यात कुजून खत होते. मक्याचं पीठ दोन पानांत दाबून गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलं की पानगा तयार, तव्याचीही गरज नाही. पावसात डोक्यावर घ्यायच्या इरल्यालाही हीच पानं. म्हशीला चारा तोच, झोपडीच्या छपरावर आच्छादन तेच.

मुळी खणून काढली, ठेचली, की वाख निघतो. त्याचा दोर वळतात. बैलाचं दावं, खाटेची दोरी त्याचीच. मुळीचं एक टोक ठेचलं की चुना मारायचा कुंचला झाला. लाकूड मऊ, घराच्या खांबाला उपयोगाचं नाही, पण पाण्यात टिकतं, म्हणून विहिरीच्या कामाला घेत. इकडे सातपुड्यात फार नसेल, पण तिकडे गोंदिया-भंडाऱ्याकडे पळसावर लाखेचे किडे पोसतात आणि लाख काढून विकतात. बोर आणि कुसुम ही लाखेची दुसरी झाडं.

मोजलं का कोणी? रंग, औषध, डिंक, पत्रावळ, पानगा, इरलं, चारा, छप्पर, दोर, कुंचला, लाख. एका झाडाचे अकरा उपयोग, आणि फॉर्ममध्ये ते झाडच नाही!

आता कायद्याकडे येऊ. 1927 च्या इंग्रजांच्या वनकायद्यात जंगलातलं पान, फूल, साल, डिंक, लाख हे सगळं वनउपज ठरवलं. म्हणजे पत्रावळीचं पान तोडलं तरी तुमच्यावर बोट दाखवता येत होतं. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनउपजावर आपली मालकी मान्य केली. गोळा करायचा, वापरायचा आणि विकायचा हक्क. झाडाचं इमारती लाकूड सोडून वनस्पतीपासून मिळणारं जवळपास सगळं त्यात येतं. शब्द मात्र बघा, 'गौण'. गौण म्हणजे दुय्यम. कोणासाठी दुय्यम? ज्याला सागाचे ओंडके मोजायचे आहेत त्याच्यासाठी. ज्या बाईच्या घरात लग्न आहे आणि पाचशे पत्रावळी लावायच्या आहेत, तिच्यासाठी पान गौण नाही.

याच कायद्यात आणखी एक हक्क आहे, त्याकडे कोणाचं फार लक्ष जात नाही. जैवविविधतेबद्दल आपलं जे पारंपरिक ज्ञान आहे त्यावरचा सामूहिक हक्क. बी किती द्यायचं, कोणाला द्यायचं नाही, डिंक कधी काढायचा, हे आपल्या म्हाताऱ्यांना माहीत आहे. ते कागदावर आलं नाही तर म्हाताऱ्यांबरोबरच जाईल.

आणि खरी गोष्ट जमिनीची आहे. शेताच्या प्लॉटचं सगळ्यांना पाठ झालं आहे, 13 डिसेंबर 2005 ची तारीख लहान पोरंसुद्धा सांगतात. पण ज्या माळावर खाखरा उभा आहे, तो कोणाच्याच प्लॉटमध्ये नाही. कागदावर त्याला पडीक म्हणतात, झुडपी म्हणतात. पडीक म्हटलं की तिथे काहीही करायला मोकळे. खड्डे खणा, दुसरी झाडं लावा, कुंपण घाला, गुरं बंद करा. मग पान आणायला कुठे जायचं, म्हैस कुठे चारायची? आपण लिहून दिलं की या माळावरून आमचं गाव अकरा वस्तू आणतं, तर त्याला पडीक कोण म्हणेल? आणि गावाच्या जंगलाचं राखण करायचा, ते वाढवायचा, त्याचं व्यवस्थापन करायचा हक्कही हाच कायदा ग्रामसभेला देतो.

तर गावाला गेल्यावर काय करायचं?

पहिलं, खाखरा कुठे कुठे आहे ते सगळ्यांनी मिळून फिरून बघा आणि नकाशावर दाखवा. शेजारच्या गावाची हद्द लागत असेल तर त्यांनाही बोलवा.

दुसरं, बायांना बोलतं करा. पानं त्या आणतात, बाळंतिणीचं त्या बघतात. सभेत पुरुषच बोलले तर अर्धी यादी घरातच राहील.

तिसरं, म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहून घ्या. दावा करणाऱ्यांखेरीज इतर वडीलधाऱ्यांचा लिहिलेला जबाब नियमांत पुरावा म्हणून धरला आहे. सरकारी गॅझेटिअर, मोजणीचे अहवाल, जंगलाच्या कामाचे आराखडेही पुरावा आहेत. पण एकावर थांबू नका, एकापेक्षा जास्त पुरावे लागतात.

चौथं, नावं शोधा. शिरपूर तालुक्यात पळासनेर आहे. 1757 साली इंग्रज जिथे जिंकले ते बंगालातलं प्लासी म्हणजे पलाशी, तेही पळसाचंच नाव. मग तुमच्या एखाद्या नाल्याचं, टेकडीचं, शेताचं नाव खाखऱ्यावरून असेल तर तेही जबाबात येऊ द्या.

पाचवं, वापराचे नियम ग्रामसभेत ठरवा. एका झाडाच्या सगळ्या मुळ्या खणायच्या नाहीत, डिंकासाठी सालीला चहूबाजूंनी घाव घालायचे नाहीत, बियाणं पडायला थोड्या शेंगा झाडावर राहू द्यायच्या. हक्क मागतो तो राखणही करतो, हे ठरावात दिसू द्या.

एक साहेब म्हणाले होते, खाखऱ्याची कसली नोंद करता, ते तर कुठेही उगवतं. आम्ही म्हणतो, कुठेही उगवतं म्हणूनच ते सगळ्यांचं आहे. ज्याच्याकडे शेत नाही, बैल नाही, त्याच्याही घरात खाखऱ्याचं पान येतं. दावा सामूहिक आहे तो यासाठीच.

तेंदू लिहा, मोह लिहा, आणि त्यांच्या खाली खाखऱ्याचं नाव लिहा, उपयोगासकट. तीन पानांच्या झाडाला फॉर्मवर एक ओळ तरी मिळू द्या. जागा कमी पडली तर कागद जोडा.

जिंदाबाद!