युरिक ॲसिड आणि मंदावलेली थायरॉइड

पायाचा अंगठा सुजला, रिपोर्टात युरिक ॲसिड साडेआठ आलं, की आपल्याकडे पहिली कुऱ्हाड पडते ती तुरीच्या डाळीवर. खरं तर 2004 साली अमेरिकेतल्या 47 हजारांवर पुरुषांच्या बारा वर्षांच्या नोंदींतून दिसलं, की गाउटचा, म्हणजे युरिक ॲसिडने सांधे सुजण्याचा, धोका मटण आणि मासळीने वाढतो. कडधान्यं, पालक यांनी नाही. शिवाय युरिक ॲसिड बरंचसं आपल्याच पेशींच्या मोडतोडीतून तयार होतं आणि त्याचा सुमारे दोन-तृतीयांश भाग मूत्रपिंडं लघवीवाटे बाहेर टाकतात. म्हणून पोटात काय गेलं याइतकंच बाहेर किती पडलं, हेही विचारायला हवं. थायरॉइड मंदावली, की हृदयाचं काम मंदावतं, मूत्रपिंडांकडे रक्त कमी जातं, गाळण्याचा वेग उतरतो आणि युरिक ॲसिड रक्तात साचू शकतं.

यावर कोणी म्हणेल, अशा रुग्णांचं वजनही वाढलेलं असतं आणि वजनाने युरिक ॲसिड चढतंच. मग थायरॉइडला कशाला गोवायचं? शंका रास्त आहे. पण थायरॉइडच्या कॅन्सरमध्ये ग्रंथी काढल्यावर, किरणोत्सारी आयोडीन देण्याआधी, काही रुग्णांच्या थायरॉइडच्या गोळ्या काही आठवडे थांबवतात. तेवढ्यात क्रिएटिनिन, म्हणजे गाळण्याचा वेग उतरल्याची रक्तातली खूण, चढतं आणि गोळ्या सुरू झाल्या की उतरतं. माणूस तोच, वजनही जवळपास तेच. हा पुरावा गाळण्याच्या वेगाचा आहे, थेट युरिक ॲसिडचा नाही, हे मान्य; पण युरिक ॲसिडलाही आधी तिथूनच गाळून जावं लागतं. थायरॉइड अति चालणाऱ्यांतही ते वाढलेलं आढळतं, हा आक्षेप मात्र वाटतो तेवढा अडचणीचा नाही. तिथे पेशींची उलाढाल वाढून ते जास्त तयार होत असतं.

अर्थात टीएसएच, म्हणजे थायरॉइड मंदावली की रक्तात वाढणारं संप्रेरक, जेमतेम पाच-सहा असेल, तर सगळं खापर त्याच्यावर फोडू नये. रक्तदाबासाठी चालू असलेली लघवीची गोळी किंवा रोजची बिअर हे जास्त संशयास्पद. पण युरिक ॲसिडच्या जोडीला थकवा, बद्धकोष्ठ, थंडी न सोसणं, चढलेलं क्रिएटिनिन असेल, तर डॉक्टरांना टीएसएचबद्दल जरूर विचारा. थायरॉइडची गोळी सुरू झाल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासतातच. त्याच वेळी युरिक ॲसिडही बघून घ्यावं. तोवर गाउटची गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, कारण सांध्यात बसलेले युरिक ॲसिडचे स्फटिक थायरॉइड सुधारली म्हणून लगेच विरघळत नाहीत.