बेंदूर आणि शेजारचा मुलूख

कसबा बावड्याच्या वर्गात बैलांच्या सणाचा पाठ निघाला, की पेच उभा राहतो. निपाणी-चिकोडीकडे आजोळ असलेले मूल ज्येष्ठ पौर्णिमेचा कर्नाटकी बेंदूर सांगते. त्याच बाकावरचे दुसरे मूल आषाढातील महाराष्ट्रीय बेंदरावर अडून बसते. विदर्भात तर श्रावण अमावास्येस पोळा! यांतील खरा सण कोणता, हा निवाडा शिक्षकाने देऊ नये. दिल्यास एका मुलाच्या आईचे माहेर भर वर्गात खोटे ठरते. १९५६ साली निपाणी-चिकोडी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली. शिंगे रंगवून बैल मिरवण्याची व कर तोडण्याची चाल मात्र दोन्हीकडे राहिली. कानडीत या सणास ‘कार हुण्णिमे’ म्हणतात. हा शब्द त्या मुलाकडूनच फळ्यावर लिहवून घ्यावा.