नीतीच्या हिशेबात कोण कोण?



आज आम्हाला पाश्चात्य नीतिविचारावर बोलायला सांगितलं आहे. कुणी म्हणेल, विहारात ग्रीकांचं काय काम? काम आहे. बाबासाहेब १९१३ ते १९१६ अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकले. तिथे जॉन ड्यूई हे त्यांचे गुरू. ज्या विहिरीचं पाणी बाबासाहेबांनी पारखून घेतलं, ती आपणही बघितली पाहिजे.

सुरुवात सॉक्रेटिसपासून. अथेन्सच्या बाजारात उभा राहून तो लोकांना विचारायचा, न्याय म्हणजे काय? चांगलं जगणं कशाला म्हणायचं? तो शहराचे देव मानत नाही, तरुणांना बिघडवतो, असा आरोप ठेवून इ.स.पूर्व ३९९ मध्ये त्याला विष प्यायला लावलं. प्रश्न विचारण्याची किंमत काय असते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

पुढे ॲरिस्टॉटल. तो म्हणाला, सद्गुण सवयीने अंगी येतो, दोन्ही टोकं टाळा. ऐकायला किती चांगलं! पण हाच विद्वान सांगतो की काही माणसं स्वभावतःच गुलाम असतात. कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतं ना? आणि काळाचा न्याय बघा. नंतर रोमन साम्राज्यात एपिक्टेटस हा गुलाम मुक्त होऊन नीतीचा शिक्षक झाला आणि त्याची शिकवण मार्कस ऑरेलियस हा सम्राट आदराने वाचत असे.

प्रशियात खोगीर-लगाम बनवणाऱ्या कारागिराच्या घरी इमॅन्युएल कांट जन्मला. १७८५ च्या ग्रंथात त्याने सांगितलं, माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका, माणूस स्वतःच साध्य आहे. आम्ही गिरणीत हजेरीपटावरचा नंबर होतो, म्हणून हा विचार आम्हाला चटकन कळला.

इंग्लंडात बेंथमने १७८९ साली सुखदुःखाचा हिशेब मांडला. त्याच परंपरेतल्या जॉन स्टुअर्ट मिलने (आपली मिल नव्हे!) १८६७ साली पार्लमेंटात स्त्रियांसाठी मताधिकार मागितला. तो फेटाळला गेला, पण मागणारा पुरुष होता. मात्र ईस्ट इंडिया कंपनीत वर्षानुवर्षे नोकरी केलेल्या याच मिलने १८५९ साली लिहिलं की, त्याचं स्वातंत्र्याचं तत्त्व मागासलेल्या समाजांना लागू नाही. म्हणजे हिशेबातून आपण पुन्हा बाहेर!

म्हणून मित्रहो, कितीही मोठं तत्त्व समोर आलं तरी एक विचारा : यात कोणाला मोजलं आणि कोणाला वगळलं? ड्यूई शिकवत, नीती पोथीवरून नाही, परिणामांवरून पारखा. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये नियम आणि तत्त्व यांतला फरक दाखवला. नियम सांगतो, अमुक कर. तत्त्व विचार करायला लावतं, म्हणून जबाबदारीही आपल्यावर टाकतं.

मग आपलंही माप घेऊ या. पंचशील आपण नियम म्हणून म्हणतो की तत्त्व म्हणून? खीरदानाला सगळ्या भगिनी पुढे असतात, पण विहाराचे निर्णय होतात त्या बैठकीत किती बसतात? नोकरदाराच्या शब्दाला मान मिळतो, नाक्यावर काम शोधणाऱ्याच्या शब्दाला मिळतो का? हिशेबात सगळी माणसं आली तरच तो धम्म.

एवढं बोलून आम्ही आपली रजा घेतो. जयभीम! नमो बुद्धाय!